‘झाडे तोडा’ या सल्ल्याविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

संत्र्यावरील ग्रीनिंग या रोगाची लागण झालेली झाडे तोडून टाका, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर ‘एक बागायतदार’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की पाने पिवळी पडणे ही जस्ताची कमतरता असते आणि फवारणीने ती भरून निघते. फ्लोरिडाच्या गोष्टी सांगून इथल्या शेतकऱ्याला घाबरवू नये. तपासणीची सोय आणि तोडलेल्या झाडांची भरपाई यांवर मी अवाक्षर काढलेले नाही. आणि लेखातले पानाचे छायाचित्र अस्पष्ट आहे. शेवटी हे वाक्य आहे : ‘ज्यांना स्वतःचे झाड तोडावे लागत नाही, त्यांना दुसऱ्याला झाडे तोडा म्हणून सांगणे सोपे जाते.’

छायाचित्राचा आक्षेप रास्त आहे. ते मी बदलले आहे.

मात्र त्या शेवटच्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. माझ्या माहितीवर आपण शंका घेतली असती, तर मला काहीच वाटले नसते; आपण माझ्या हेतूवर शंका घेतली आहे, आणि तीही स्वतःचे नाव न सांगता. वरुड तालुक्यातली आमची बाग वडिलांनी जंबेरी खुंटावरची कलमे लावून उभी केली होती. तिच्यातली काही झाडे पिवळी पडू लागली तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून आम्हीही झिंक सल्फेट फवारले, आणि पाने खरोखरच हिरवी झाली. पुढच्या आंबिया बहाराला त्याच झाडांची फळे एका अंगाने खुरटली. देठाकडे रंग चढला आणि टोक हिरवेच राहिले. मी एक फळ उभे कापले, तर आतला गाभा वाकडा होता आणि बिया चपट्या, काळपट पडलेल्या होत्या. ती झाडे मुळासकट काढताना मजुरांबरोबर मी स्वतः उभा होतो. तेव्हा सोपे काय आणि अवघड काय, हे मला आपल्याकडून शिकायचे नाही.

जस्ताविषयी लेखात सविस्तर लिहिले होते, पण तो भाग आपण वाचलेला दिसत नाही. जस्त कमी पडले की शिरांमधला भाग पिवळा होतो आणि मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पान साधारण सारखेच दिसते. ग्रीनिंगमध्ये पिवळे चट्टे शिरा ओलांडून वेडेवाकडे पसरतात आणि एका बाजूचा चट्टा दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. शिवाय या रोगाचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहक नलिकांत राहतो, त्या नलिका तुंबतात, मुळे उपाशी पडून मरतात आणि मग झाडाला जस्तही कमी पडू लागते. म्हणून फवारणीनंतर पान काही काळ हिरवे दिसते, जिवाणू मात्र जिथल्या तिथे असतो. कोवळ्या नवतीवर बसणारी सायला ही बारीक रसशोषक कीड त्या हिरव्या दिसणाऱ्या झाडातूनच रोग उचलते आणि शेजारच्या झाडाला देते. आपले झाड सुधारले, असे आपण लिहिता. शेजाऱ्याच्या बागेविषयी आपण काहीच लिहीत नाही.

फ्लोरिडाचे नाव आपल्याला खटकले. तिथे हा रोग 2005 मध्ये सापडला आणि पुढे अनेक बागायतदारांनी झाडे काढण्याऐवजी आपण सुचवता तोच अन्नद्रव्यांचा मार्ग धरला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचण्यांत अशा फवारण्यांनी झाडातला जिवाणू कमी झाल्याचे दिसले नाही. 2003-04 च्या हंगामात त्या राज्यात सुमारे 24 कोटी खोकी संत्री निघाली होती. 2021-22 मध्ये ती 4 कोटींच्या आसपास आली, आणि त्यानंतर चक्रीवादळाचा तडाखा बसून पुढच्या हंगामात 2 कोटींच्याही खाली गेली. ही माहिती देणे म्हणजे घाबरवणे असेल, तर मी यापुढेही घाबरवीन. आणि हा रोग परदेशाचा नव्हे. सायला तो पसरवते, हे कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी 1967 मध्ये भारतातच दाखवून दिले होते.

तपासणी आणि भरपाई हे माझ्या लेखाचे विषय नव्हते, त्यामुळे त्यांच्यात मी शिरत नाही.

आपल्या ‘सुधारलेल्या’ झाडांबद्दल मात्र एक विनंती आहे. चट्टे असलेली पक्की पाने, देठांसकट, झाडाच्या चारही बाजूंनी घ्या आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेकडून त्यांची पीसीआर तपासणी, म्हणजे जिवाणू आहे की नाही हे ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी, करून घ्या. अहवाल जो येईल तो इथेच, आपल्या नावानिशी लिहा. मी तो एक शब्दही न बदलता प्रसिद्ध करीन. तोवर त्या झाडांवरचे डोळे, म्हणजे फांदीवरच्या कळ्या, कलमांसाठी कोणालाही देऊ नका.