सगळ्यात अवघड इंग्रजी शब्द? माझं मत सेटला

इंग्रजीतला अवघड शब्द विचारला की लोक लांबलचक स्पेलिंगवाला एखादा सांगतात. मला ते शब्द सोपे वाटतात, अर्थ एकच असतो, पाठ केला की सुटलो. दमछाक करतो तो सेट.

सूर्य सेट होतो म्हणजे मावळतो, जेली सेट होते म्हणजे घट्ट होते, मोडलेलं हाड सेट करतात, अलार्म सेट करतात, शिवाय नाटकाचा सेट, टेनिसचा सेट, जिममधले सेट आणि शाळेत छळणारा गणितातला सेट. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत या एकट्या क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ आहेत, मजकूर जवळपास ६०,००० शब्दांचा! (पुढे रन या क्रियापदाने त्याला मागे टाकलं, ६४५ अर्थ, पण तो वेगळाच राडा आहे.)

पण यावरून इंग्रजीला येडी भाषा म्हणू नका हां. सिट आणि सेट ही जोडी म्हणजे आपलं बसणे आणि बसवणे. आपण नाटक बसवतो, दात बसवतो, फरशी बसवतो, घडी बसवतो, गाण्याला चालही बसवतो, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. समूह या अर्थाचा सेट मात्र मुळात वेगळाच, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, म्हणजे पंथ या अर्थाच्या सेक्टचा भाऊ, नंतर हे दोन्ही सेट एकमेकांत मिसळून गेले.

म्हणून मुलांना एका बाजूला शब्द नि दुसऱ्या बाजूला अर्थ अशा याद्या घोकायला लावतात ते मला अजिबात पटत नाही, कारण सेटचा अर्थ त्याच्या शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतो. सेट इन घ्या, म्हणजे एखादी गोष्ट सुरू होऊन ठाण मांडणं. जॉन सिंक्लेअर नावाच्या भाषातज्ज्ञाने खऱ्याखुऱ्या वापरातली ढीगभर वाक्यं तपासली तर दिसलं की सेट इन होणाऱ्या गोष्टी बहुतेक वाईटच असतात, कुजणं सेट इन होतं, निराशा सेट इन होते, आनंद सहसा नाही. आता हे यादीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

आणि अपसेट तर कहरच. पूर्वी त्याचा अर्थ चक्क उभं करणे असा होता, उलथवणे आणि नाराज करणे हे नंतरचे. लिलावात बोली जिथून सुरू होते त्या किमान किमतीला अजूनही अपसेट प्राइस म्हणतात, तिथे नाराज कोणीच नसतं, निदान बोली सुरू होईपर्यंत तरी 😄