आठव्या दिवसाच्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका

सीमाभागातल्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. थोड्याफार फरकाने मजकूर असा: ‘एकदा कंडोमशिवाय संबंध आला म्हणून घाबरू नका, एकदाने एचआयव्ही होत नाही. लगेच जंतुनाशकाच्या पाण्याने धुवा. आठ दिवस वाट बघा, ताप आला नाही तर काही नाही. तरी शंका असेल तर खासगी लॅबमध्ये टेस्ट करा, निगेटिव्ह आली की विषय संपला. सरकारी दवाखान्यात जाऊ नका, आधार मागतात आणि नाव गावभर होतं.’

यातले सगळ्यात घातक शब्द ‘आठ दिवस वाट बघा’ हे आहेत, म्हणून सुरुवात तिथून.

संबंधानंतर एचआयव्हीची लागण रोखणारी गोळ्यांची कोर्स-पद्धत आहे. तिला पीईपी म्हणतात. पहिली गोळी ७२ तासांच्या आत पोटात जायला हवी आणि जितकी लवकर तितकी चांगली. पहिल्या काही तासांतच घेतली तर उत्तम. ७२ तासांनंतर ती सुरू करण्यात अर्थ उरत नाही, कारण तोवर विषाणूने शरीरात घर केलेलं असतं. हिशेब साधा आहे. शनिवारी रात्री ११ वाजता संबंध आला तर मुदत मंगळवारी रात्री ११ ला संपते. रविवारी ओपीडी बंद असते, पण सरकारी इस्पितळाचा अपघात विभाग चालू असतो. सोमवारी सकाळी ९ ला गेलात तरी ३४ तासच झालेले असतात. मेसेज ऐकून पुढच्या रविवारपर्यंत थांबलेल्याची ही संधी कायमची गेलेली असते.

भारतात सध्या त्यासाठी टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तिन्ही औषधं एकाच गोळीत देतात. रोज एक, ठरलेल्या वेळी, २८ दिवस. त्याच दिवशी रक्त तपासतात, पण रिपोर्टसाठी पहिली गोळी अडवून ठेवायची नसते. चुका कुठे होतात? मळमळ, डोकेदुखी किंवा झोपेची तक्रार सुरू झाली की दहाव्या दिवशी गोळ्या बंद केल्या जातात. ओळखीच्या रुग्णाच्या डब्यातल्या दोन-चार गोळ्या मागून घेतल्या जातात, ज्याने दोघांचंही नुकसान होतं. मेडिकलमधून फक्त दोन औषधांची गोळी आणली जाते. कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीचं पातळ औषध सोबत घेतलं तर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही. ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. मूत्रपिंडाचा त्रास, कावीळ ब, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा टीबीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. कावीळ ब असताना कोर्स संपवून गोळ्या अचानक थांबल्या तर यकृत बिघडू शकतं.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. सरकारी केंद्रातला हा साठा मुख्यतः सुई टोचलेल्या दवाखाना कर्मचाऱ्यांसाठी आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी असतो. संमतीच्या संबंधानंतर गेलात आणि ‘आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळालं तर वाद घालत बसू नका. फिजिशियन किंवा त्वचा-गुप्तरोग डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि औषध विकत घ्या. घड्याळ थांबत नाही.

आता ‘एकदाने होत नाही’. हे अर्धसत्य आहे, म्हणूनच लोकांना पटतं. जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि तो उपचार घेत नाही असं धरलं, तर दर १०,००० संबंधांमागे सरासरी धोका असा: योनीसंबंधात पुरुषाला ४, स्त्रीला ८, गुदसंबंधात घालणाऱ्याला ११ आणि घेणाऱ्याला १३८. मुखसंबंधात अगदी कमी. आकडे लहान वाटतात, पण ते सरासरी आहेत. जननेंद्रियावर जखम, फोड किंवा गुप्तरोग असेल, किंवा जोडीदाराला नुकतीच लागण होऊन त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट असेल, तर धोका बराच वाढतो. उलट जोडीदार रोज औषध घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडेनासा झाला असेल, तर संबंधातून लागण होत नाही. ‘एचआयव्ही आहे का’ एवढंच विचारून भागत नाही, ‘औषध चालू आहे का, शेवटचा व्हायरल लोड किती’ हे विचारायला हवं. चुंबन, एकाच ताटात जेवण, डास यांतून धोका नाही. फाटलेला कंडोम मात्र न वापरल्यासारखाच धरा.

धुण्याबद्दल थोडक्यात: बाहेरून साधं पाणी आणि साबण चालेल. जंतुनाशकाने किंवा लिंबूपाण्याने आतून धुतलं तर नाजूक त्वचा सोलवटते आणि विषाणूला वाट मिळते.

तापावरही भरवसा नको. लागण झाल्यास दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, पुरळ, गाठी येतात, कित्येकांना काहीच होत नाही. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे अर्ध्या गल्लीला ताप असतोच. ताप आला म्हणजे एचआयव्ही झाला असं नाही, आणि न आला म्हणजे सुटलात असंही नाही.

टेस्टच्या मुद्द्यावर सर्वाधिक लोक फसतात. रॅपिड किट विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधतं, आणि ती तयार व्हायला २३ ते ९० दिवस लागतात. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची, म्हणजे प्रतिजन (विषाणूचाच अंश) आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणारी टेस्ट १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी न्यूक्लिक अॅसिड टेस्ट १० ते ३३ दिवसांत. आठव्या दिवशी यातलं काहीच खात्रीचं नाही. त्या दिवशीची निगेटिव्ह टेस्ट फक्त जुन्या संबंधांबद्दल बोलते, परवाच्या नाही. म्हणून चौथ्या पिढीची टेस्ट सहा आठवड्यांनी, आणि शेवटचं उत्तर १२ आठवडे पूर्ण झाल्यावर. पीईपी घेतली असेल तर १२ आठवड्यांची टेस्ट अजिबात चुकवू नका, कारण गोळ्यांमुळे प्रतिपिंडं उशिरा दिसू शकतात. तोवर प्रत्येक वेळी कंडोम, घरच्या जोडीदारासोबतही. आणि फुकट टेस्ट होईल म्हणून रक्तदान करू नका. या काळातलं रक्त तपासणीतून निसटून दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतं.

पट्टीच्या रॅपिड किटवर ‘सी’पाशी (किट चालतं का ते दाखवणारी खूण) रेघ उमटली नाही तर टेस्ट फुकट गेली, मग ‘टी’पाशी (टेस्टचा निकाल) काहीही दिसो. ठरलेल्या मिनिटांनंतर तासाभराने उमटलेली पुसट रेघ वाचायची नसते. आणि एका किटवर रेघ आली म्हणजे पॉझिटिव्ह ठरलं, असंही नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटवर तेच रक्त तपासतात. तिन्हींवर आलं तरच तसा रिपोर्ट देतात. खासगी लॅबच्या एकाच किटवरच्या रिपोर्टने हादरून गेलेल्याने आधी तिथे जावं. सोबत सिफिलिस आणि कावीळ ब, क यांची तपासणी मागा. गर्भ राहण्याची भीती असेल तर तातडीच्या गोळीलाही ७२ तासांचीच मुदत धरा.

राहिला सरकारी दवाखान्याचा मुद्दा. आयसीटीसीत टेस्ट आणि समुपदेशन मोफत आहे, आणि टेस्टसाठी आधारची सक्ती नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. तरी ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर दुसऱ्या गावी जा. राज्याची हद्द आड येत नाही. निपाणीकरांना बेळगावच्या सिव्हिलपेक्षा कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ आहे, आणि एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवर औषधोपचार देणारं केंद्र, दोन्हीकडे आहे. खानापूर, चिकोडी, गोकाकच्या तालुका आस्पत्रीत कन्नड वाचता येत नसेल तर ‘आयसीटीसी’ एवढंच विचारा, किंवा ‘आप्त समालोचना केंद्र एल्लिदे?’ (समुपदेशन केंद्र कुठे आहे?) खिडकीवर कारण सांगायची गरज नाही. ते आत, दार लावल्यावर समुपदेशकाला सांगा, आणि संबंध आल्याची तारीख नि वेळ बरोबर सांगा. रात्री-अपरात्री कुणाला विचारावं कळत नसेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर लावा.