निगेटिव्ह कुणी जाळली नव्हती

आमच्या फिल्म सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्याभरात एक फॉरवर्ड तीनदा येऊन गेला. निमित्त ‘उखो’ या चेक चित्रपटाच्या ब्लू-रेचं. उखो म्हणजे कान, इथे घरातलं बोलणं चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्र. मजकूर थोडक्यात असा: कारेल काखिन्या या बंडखोर दिग्दर्शकानं १९७० साली रशियन रणगाड्यांच्या विरोधात चोरून हा चित्रपट काढला. सरकारनं निगेटिव्ह जाळली आणि काखिन्याला कायमचं घरी बसवलं. कुणीतरी लपवलेल्या एकुलत्या एका प्रिंटवरून चित्रपट वाचला आणि १९९० मध्ये त्याला फ्रान्समधल्या कान (Cannes) महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. शेवटी एक सल्लाही आहे: गाजावाजा बाजूला ठेवला तर हे नवरा-बायकोचं भांडण आहे, डिस्कवर पैसे घालवू नका, नेटवरची फुकट कॉपी पुरे.

चित्रपट १९७० चा आहे, दिग्दर्शक काखिन्या आहे आणि बंदी आली होती, एवढं खरं. बाकीचं एकेक करून पाहू.

‘चोरून काढला.’ चित्रपटात सरकारी मेजवानीचे लांबलचक प्रसंग आहेत. झगझगीत दिवे, गणवेशातले अधिकारी, सोव्हिएत पाहुणे, ताटं आणि पेले घेऊन फिरणारे वाढपी. एवढा लवाजमा कुणाच्या गॅरेजमध्ये उभा राहत नाही. हा चित्रपट प्रागच्या बारांदोव स्टुडिओत तयार झाला. तो स्टुडिओ सरकारचा, पैसाही सरकारचाच. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे आले खरे, पण चित्रपट खात्यावरची पकड घट्ट व्हायला वेळ लागला. गुस्ताव हुसाक सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या प्रमुखपदी आला एप्रिल १९६९ मध्ये. जुने लोक अजून खुर्च्यांवर होते आणि नवे पुरते बसले नव्हते, त्या फटीतून हा चित्रपट निघाला. पूर्ण झाला तोवर फट बुजली होती.

‘रणगाड्यांविरुद्ध.’ अख्ख्या चित्रपटात एकही रणगाडा नाही. लुडविक बांधकाम खात्याचा उपमंत्री. तो आणि त्याची बायको आना मेजवानीहून रात्री घरी येतात. मेजवानीत त्याच्या कानावर आलेलं असतं की त्याच्या मंत्र्याला, कोशाराला, उचललं आहे. घरी येऊन पाहतात तर वीज गेलेली आणि फोन मुका. बाहेर डोकावलं तर शेजाऱ्यांकडे मात्र उजेड. गोष्ट पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची आहे, पक्ष आपलीच माणसं गिळत होता तेव्हाची. पक्षाचा सरचिटणीस राहिलेल्या रुडॉल्फ स्लान्स्कीवर नोव्हेंबर १९५२ मध्ये खटला चालला. १४ आरोपींपैकी ११ जणांना ३ डिसेंबरला फाशी दिलं. वरच्या वर्तुळातल्या माणसाला त्या काळात झोप लागत नसेल, तर ते त्याच्या मनाचे खेळ नव्हते.

मग जुन्या काळाच्या गोष्टीवर १९७० मध्ये बंदी का? हुसाक स्वतः पन्नासच्या दशकात तुरुंगात होता. १९५४ मध्ये त्याला जन्मठेप झाली, १९६० मध्ये तो सुटला. त्या भीतीतून स्वतः गेलेला माणूस सत्तेवर होता आणि त्याच्या राजवटीत हा चित्रपट बंद झाला. फॉरवर्डमध्ये रणगाडे घुसवले की ही गोष्ट हातची जाते, कारण मग भीती बाहेरून आलेली वाटते. ‘उखो’मधली भीती घरातली आहे. ती घालणारेही कॉम्रेड आणि सोसणारेही कॉम्रेड.

‘निगेटिव्ह जाळली, एकच प्रिंट उरली.’ चित्रपट कुणी जाळला नाही. तो कुलपात ठेवला. चेक भाषेत अशा चित्रपटांना नावच आहे, ‘त्रेझोरोव्हे फिल्मी’, म्हणजे तिजोरीतले चित्रपट. एकटा ‘उखो’ नव्हे, त्या दोन-तीन वर्षांत निघालेले बरेच चित्रपट तिथे गेले. त्या राजवटीला कागद आणि रिळं जपून ठेवायची सवय होती. माणसाचं आयुष्य मोडायला मागेपुढे न पाहणाऱ्यांनी रिळं नीट ठेवली आणि १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर कुलूप उघडलं तेव्हा चित्रपट शाबूत मिळाला. मला हे जाळपोळीच्या कथेपेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

पारितोषिकाचं दोन ओळींत. १९९० मध्ये ‘उखो’ कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता, पण सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं नाही. तिथेच पोलंडमध्ये अडकवून ठेवलेल्या, स्टालिनी काळावरच्याच एका चित्रपटासाठी क्रिस्टिना यान्दाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी बर्लिन महोत्सवात दुसऱ्या एका तिजोरीतल्या चेक चित्रपटानं सुवर्ण अस्वल हे तिथलं सर्वोच्च पारितोषिक पटकावलं. फॉरवर्डमध्ये हे सगळं एकात मिसळलेलं दिसतं.

आता ज्या वाक्यासाठी हे लिहायला घेतलं ते: ‘काखिन्याला कायमचं घरी बसवलं.’

काखिन्याचा पुढचाच चित्रपट ऑस्ट्रेलियन लेखक ॲलन मार्शल यांच्या बालपणाच्या आठवणींवर होता. त्याला १९७१ मध्ये स्पेनच्या सान सेबास्तियन महोत्सवाचा रौप्य शिंपला हा पुरस्कार मिळाला. त्यानं मुलांसाठी चित्रपट केले, १९७६ मध्ये जलपरीची गोष्ट केली, पुढेही काम करत राहिला. ‘उखो’ कुलपात गेल्याचं दुःख त्याला नसेल असं मी म्हणत नाही. पण किंमत मोजली ती दुसऱ्या माणसानं आणि त्याचं नाव फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

यान प्रोखाझ्का. जन्म १९२९. गोष्ट त्याची, पटकथेतही तो. साठच्या दशकात त्यानं आणि काखिन्यानं एकामागून एक चित्रपट केले. तो बाहेरून दगड मारणारा नव्हता. पक्षाच्या केंद्रीय समितीचा उमेदवार सदस्य होता, राष्ट्राध्यक्ष नोव्होत्नीच्या जवळच्या वर्तुळात त्याची ऊठबस होती. मेजवान्यांना कोण कुणाकडे पाहून हसतं आणि कोण अचानक नजर चुकवतं, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. १९६७ च्या लेखक परिषदेत लेखकांनी राजवटीवर उघड टीका केली, त्यानंतर त्याला समितीतून काढलं. चित्रपटातल्या मेजवानीत पाहुणे थेट कॅमेऱ्यात बघून बोलतात, म्हणजे आपल्याकडे बघून. लुडविकच्या जागी आपण उभे असतो आणि समोरचा हसरा चेहरा नक्की काय सांगतो आहे ते कळत नाही. तिथे वावरलेल्या माणसाचं हे लिखाण आहे.

आणि मग कानानं त्यालाच गाठलं. प्रोखाझ्का आणि प्राध्यापक वात्स्लाव चेर्नी यांच्या खासगी गप्पा गुप्त पोलिसांनी चोरून ध्वनिमुद्रित केल्या होत्या. १९७० मध्ये त्यांतले तुकडे निवडून सरकारी प्रसारणातून देशभर ऐकवले. चार भिंतींत मित्राजवळ आपण सगळेच बोलतो तसं बोलणं होतं ते. कुणाची टिंगल, कुणाला शिवी, कुणाबद्दल तुटक शेरा. तेवढंच कापून दाखवलं की कुठलाही माणूस हलकट दिसतो, आणि हेतूही तोच होता. ‘भिंतीला कान असतात’ असं आपण सहज बोलून जातो. या माणसानं त्यावर चित्रपट लिहिला, तो चित्रपट कुलपात टाकला आणि त्याच्याच घरगुती बोलण्याचा कार्यक्रम करून लोकांना ऐकवला. २० फेब्रुवारी १९७१ रोजी तो कॅन्सरनं गेला, तेव्हा वय ४२. ‘उखो’ पडद्यावर आला त्याच्या मृत्यूनंतर जवळपास वीस वर्षांनी.

हे सगळं गाळून दिग्दर्शकाच्या नावावर एक बनावट हौतात्म्य चिकटवायचं, याचा मला राग येतो.

उरला शेवटचा सल्ला. ‘नवरा-बायकोचं भांडण’ हे शब्द खोटे नाहीत. लग्नाचा वाढदिवस असतो आणि नवरा तो विसरलेला असतो. आना प्यायलेली आहे, तिची जीभ चालते आहे, आणि ती त्याचं एकेक साल सोलते. यिर्झिना बोहदालोवाला त्या देशात लोक विनोदी नटी म्हणून ओळखत. इथे ती आधी हसवते आणि मग हसल्याची लाज वाटायला लावते. पण हे भांडण राजकारणाच्या शेजारी चाललेलं नाही. तिसरा ऐकतो आहे हे दोघांना ठाऊक असल्यामुळे प्रत्येक शिवीचे दोन अर्थ होतात. आना तर मध्येच थेट त्या कानाशीच बोलायला लागते. स्वयंपाकघरात आणि संडासात कान नाही अशी त्यांची समजूत आहे, म्हणून खरं बोलायचं झालं की ती दोघं तिकडे जातात. लुडविक संडासात बसून कागद जाळतो. सकाळी कळतं की तिथेही कान होते. ती हवालदिल चेहऱ्याची शोधाशोध पाहताना मला लग्नाची गोष्ट आणि सत्तेची गोष्ट वेगळी काढता येत नाही.

फुकट कॉपीबद्दल. मी हा चित्रपट पहिल्यांदा अशाच एका धुरकट कॉपीवर पाहिला. घरातला मोठा भाग मेणबत्तीच्या उजेडात आहे आणि त्या कॉपीत ज्योतीच्या आसपासचं सगळं काजळी फासल्यासारखं होतं. डिस्कवर पाहताना काळ्यातले थर दिसतात. ज्योत हलली की लुडविकच्या कपाळावरचा घाम चमकतो, त्याच्या मागे दाराची चौकट असते आणि चौकटीपलीकडे आणखी एक काळोखी खोली. तिथे कुणी उभं आहे का, हे मी दोनदा मागे नेऊन पाहिलं. छायाचित्रकार योसेफ इलिकनं मेजवानीचा भगभगीत पांढरा आणि घरातला काळा समोरासमोर ठेवला आहे. काळ्याचा राखाडी चिखल झाला की ही मांडणीच नाहीशी होते. जुन्या चित्रपटाचं पुनर्संचयन (रिस्टोरेशन) म्हणजे नवा रंग चढवणं नव्हे, चित्रपट कृष्णधवलच आहे. दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० फ्रेम असतात, त्यांच्यावरची धूळ, ओरखडे आणि थरथर काढायची आणि मूळ उजेड जागच्या जागी ठेवायचा, असं हे काम आहे. ब्रिटनची ‘सेकंड रन’ ही छोटी कंपनी असे चित्रपट चिकाटीनं काढते. डिस्क महाग पडते हे मान्य. म्हणून आमच्या सोसायटीत आम्ही चौघांनी मिळून एक घेतली आणि ती हातोहात फिरते आहे.

ग्रुपवर मी दुरुस्त केलेला मजकूर टाकला आहे. त्यात पहिलं नाव यान प्रोखाझ्काचं आहे. पुढे पाठवायचा असेल तर तो पाठवा.