दोष फक्त वळूचा नाही
‘कालवड किती दूध देणार हे वळूवरच ठरतं’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगांत काही आटवलेल्या (विण्याआधी दूध काढणं थांबवलेल्या) गाभण गाईंना उन्हाळ्यात पंखे-फवारे नव्हते, नुसती सावली होती; बाकीच्यांना दोन्ही होतं. त्यांच्या कालवडी कमी वजनाच्या जन्मल्या, पहिल्या वेतात दूधही कमी दिलं. डीएनएचा क्रम तोच, त्यावरच्या मिथाइलच्या खुणा (जनुकं किती काम करतील हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा) वेगळ्या! परिणाम नातींपर्यंत दिसला. गर्भातल्या कालवडीची बीजांडंही तेव्हाच घडत असतात ना.

आमच्याकडेही फॉगर (पाण्याचे बारीक फवारे) दुभत्या गाईंवर आणि भाकड, म्हणजे आटवलेल्या गाभण गाई तापल्या पत्र्याखाली. मे महिन्यातल्या कालवडी मागे पडायच्या, आम्ही रेतनाला बोल लावायचो. आता विण्याआधीचे शेवटचे दोन महिने भाकड गाईंनाही पंखा आणि पाण्याचे फवारे देतो. भाकड काळावर लेखात दोन ओळी तरी हव्या होत्या.