‘अटर’, ‘शीअर’, ‘टोटल’ हे एकच नव्हेत

‘अटर, शीअर, कम्प्लीट, टोटल आणि ॲब्सोल्यूट या इंग्रजी विशेषणांचा ‘पूर्ण, निव्वळ’ असा अर्थ एकच असून ती कुठेही अदलाबदल करून वापरता येतात’, असा स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठीचा एक संदेश सध्या फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे.

अनोळखी माणसासाठी ‘कम्प्लीट स्ट्रेंजर’, ‘टोटल स्ट्रेंजर’, इतकेच नव्हे तर ‘परफेक्ट स्ट्रेंजर’ हेही चालते, आणि गोंधळ बहुधा येथूनच सुरू होतो. मात्र पुस्तकांच्या पूर्ण संचाला ‘कम्प्लीट सेट’ म्हणतात, ‘अटर सेट’ कोणी म्हणत नाही; कारण तेथे सर्व भाग असण्याचा अर्थ अभिप्रेत असतो, तीव्रतेचा नव्हे. ‘आउट’ या शब्दाच्या जुन्या तुलनावाचक रूपातून आलेले ‘अटर’ आज नामाच्या आधीच येते, म्हणून ‘द फेल्युअर वॉज अटर’ ही रचना इंग्रजी भाषकाला खटकते. ते ‘नॉन्सेन्स’सारख्या नकारात्मक नामांशी अधिक जुळते, तरीही ‘अटर जॉय’ चुकीचे नाही, हेही नोंदवायला हवे. ‘शीअर’ची ओढ योगायोग, आकार, संख्या यांकडे आहे: ‘शीअर लक’.

मराठी भाषकाला हे नवे वाटू नये. आपण ‘ठार वेडा’, ‘निव्वळ योगायोग’, ‘धादांत खोटे’ म्हणतो; ‘धादांत योगायोग’ किंवा ‘ठार खोटे’ म्हणत नाही. त्यामुळे समानार्थी शब्दांची यादी पाठ करताना प्रत्येक विशेषणासोबत त्याचे नेहमीचे नामही टिपून ठेवावे.