‘कागदी दप्तरच सुरक्षित’ या दाव्याविषयी

सांगलीत सध्या मोबाइलवर फिरणारा एक संदेश म्हणतो की, सरकारी कामकाज ऑनलाइन केल्यामुळेच हॅकरांचे फावले, कर्मचाऱ्यांना घरून काम करू देणे म्हणजे दप्तर चव्हाट्यावर मांडणे होय मोबाइलवर अर्ज भरता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात आणि या खर्चातून सामान्य माणसाच्या पदरी काहीच पडत नाही; म्हणून जुने कागदी दप्तरच सुरक्षित.

कागद सुरक्षित असतो, हे निदान सांगलीकरांनी तरी म्हणू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५७ फुटांवर गेली, तेव्हा कपाटातल्या कागदांचा लगदा झाला; संगणकावर नोंद असलेला सातबारा मात्र पूर ओसरल्यावर पुन्हा काढता येत होता. अर्थात सर्व्हरही नदीकाठच्या एकाच इमारतीत ठेवला तर तोही बुडेल, म्हणून नोंदींची दुसरी प्रत दूरच्या गावी हवीच.

सायबर हल्ले होतात, हे खरे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले आणि कित्येक दिवस रुग्णांची नोंदणी हाताने करावी लागली. परंतु एका भागात शिरलेला चोर दुसऱ्यात जाऊ नये असे तेथील नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, हे कारण सरकारनेच संसदेत सांगितले. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी तो बसवला नाही, ते सापडले. चोर अनेकदा शिरतो तो दुरुस्ती न केलेल्या जुन्या यंत्रणेतून, आणि संदेश तर ती सुधारण्याचा खर्चही वाया ठरवतो.

घरून कामाचेही तसेच. २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला तो वापरात नसलेल्या एका खात्यातून, ज्याला पासवर्डखेरीज दुसरी खातरजमा नव्हती. कार्यालयाने दिलेला लॅपटॉप, ओटीपीसारखी दुसरी पायरी आणि बदली किंवा निवृत्ती होताच खाते बंद करण्याची शिस्त असेल, तर कर्मचारी विट्यातल्या घरी बसला काय किंवा सांगलीत विजयनगरच्या कचेरीत, फरक पडत नाही. खाजगी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवणारा मात्र कचेरीत बसूनही धोकादायकच.

राहिला सामान्य माणूस. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. ऑनलाइन अर्जाची तारीख यंत्रणेतच नोंदली जात असल्याने ती मुदत मोजताना वाद उरत नाही. जतच्या एखाद्या आजीला मोबाइलवर अर्ज भरता येत नाही, ही संदेशातली काळजी मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठी खिडकीवर माणूस असलाच पाहिजे, ज्याच्यासमोर तिची नोंद उघडणारा, चालू स्थितीतला संगणक असेल.