डोस चिरा देण्याआधी
सिझेरियननंतर पाच दिवस अँटिबायोटिक हवंच, असं एका लेखात वाचलं; ते पटत नाही. जंतुसंसर्ग टाळायचं खरं काम एका डोसचं: सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम शिरेतून, चिरा देण्याआधीच्या तासाभरात; वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. नाळ कापेपर्यंत थांबायची जुनी सवय सोडा, ब्लेड लागायच्या वेळी औषध रक्तामांसात मुरलेलं हवं. रक्तस्राव दीड लिटरवर गेला तर पुन्हा डोस. धडगाव-अक्कलकुव्याहून पाणमोट फुटलेली, कळा सोसत बाई नंदुरबारला पोचते. तिला जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक ५०० मिग्रॅ, सलाईनमधून तासभर सावकाश. पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन कधी आली होती का, ते डोसआधी विचारा; सेफाझोलिन त्याच्याच जवळचं औषध. आणि वस्तऱ्याने केस काढणं कशाला? बारीक ओरखड्यांतूनच जंतू शिरतात. गरजच असेल तर क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन. नंतर ताप आलाच तर तेव्हाचं अँटिबायोटिक हा उपचार, त्याचा हिशेब वेगळा.